मदत हवी आहे: क्योतोत बाबांना चिकनच्या सूपचं रामेन खाऊ घालायचंय, पण पोर्क चालत नाही

नमस्कार मंडळी,

मी दोन वर्षांपासून नागोयात नोकरीला आहे. ऑक्टोबरमध्ये आई-बाबा पहिल्यांदाच जपानला येताहेत आणि त्यातले तीन दिवस आम्ही क्योतोत असू. देवळं, बागा सगळं ठरलंय. अडलंय ते एका जेवणापाशी.

बाबा मूळचे कोल्हापूरचे. रविवारचं मटण-चिकन घरात तेच शिजवतात. रश्श्याला फोडणी द्यायच्या आधी अळणी वेगळं काढायचं आणि पहिली वाटी मला द्यायची, हे माझ्या लहानपणापासूनचं. मागच्या वर्षी क्योतोत तेन्काइप्पिन या रामेनच्या साखळीच्या मूळ दुकानात ‘कोत्तेरी’ (दाट) रामेन खाल्लं, आणि पहिल्याच घोटाला बाबा आठवले. सूप इतकं दाट की नूडल्स उचलल्या की त्यांना लपेटूनच वर येतं. चार घोटांनंतर ओठ एकमेकांना चिकटायला लागले, पायासूप पिताना चिकटतात अगदी तसे. १९७१ मध्ये किमुरा त्सुतोमु यांनी हातगाडीवर सुरू केलेलं हे दुकान. कोंबडीची हाडं आणि भाज्या उकळून हे सूप करतात.

बाबांचं अळणी मंद आचेवर होतं, त्यामुळे नितळ राहतं. जपानीत अशा नितळ सूपला चिंतान म्हणतात. पांढऱ्या, दाट सूपला, म्हणजे पाइतानला, उलट तासन् तास खळखळा उकळी लागते. हाडं, कातडी, पाय यांतला चिकटपणा पाण्यात उतरतो आणि चरबीचे बारीक थेंब त्यात धरून ठेवतो, म्हणून ते दुधासारखं दिसतं. हे सगळं मला बाबांना तो वाडगा समोर ठेवून सांगायचंय.

अडचण अशी की बाबा चिकन, मटण, मासे खातात, पोर्क अजिबात नाही. आणि सूप चिकनचं असलं तरी वर ठेवलेले चाशूचे, म्हणजे शिजवलेल्या मांसाचे, तुकडे बहुतेक ठिकाणी पोर्कचेच असतात. इथे एका दुकानात तिकीट मशीनवर मी ‘तोरी’ (कोंबडी) एवढंच वाचून मैत्रिणीसाठी बटण दाबलं होतं. तीही पोर्क खात नाही. दोन घास पोटात गेल्यावर तिच्या लक्षात आलं. ती एक शब्द बोलली नाही, पण तिचा चेहरा मी विसरलेले नाही. बाबांच्या बाबतीत असं होता कामा नये.

तर, नुसतं वरचं चाशू काढायला सांगितलं की भागतं का?

शिवाय बाबांना बीपीची गोळी चालू आहे. सूप सोडलं तर वाईट दिसतं का? तेन्काइप्पिनचा वाडगा रिकामा झाला की तळाशी ‘उद्याही वाट पाहतो’ अशा अर्थाची ओळ दिसते. हे कळलं तर बाबा तळ गाठल्याशिवाय उठायचे नाहीत. आई शाकाहारी आहे. ती काही न मागवता आमच्यासोबत बसू शकेल का? बाबांचे गुडघेही दुखतात, तासभर रांगेत उभं राहणं जमणार नाही.

प्रतिसाद

ताई, मी क्योतोत बरीच वर्षं आहे. चाशू नको असेल तर ‘चाशू नुकि दे ओनेगाइ शिमास’ म्हणा, कुणी वाईट वाटून घेत नाही. पण तेवढ्याने खात्री होत नाही. वाडग्याच्या तळाशी आधी जो खारट अर्क घालतात, तो ‘तारे’, पुष्कळ दुकानांत चाशू शिजवलेल्या पाण्यातूनच बनतो. त्यामुळे हेही विचारा: ‘सूपु तो तारे नि, बुता वा हाइत्ते इमास का?’ (सूप आणि तारेत पोर्क आहे का?) मोठ्या साखळ्यांच्या संकेतस्थळावर ॲलर्जीचा तक्ता असतो, त्यात पोर्कचा रकाना बघून घ्या. तरी नूडल्स उकळायचं पाणी आणि डाव एकच असणार. काकांना नेमकं किती चालतं हे त्यांनाच आधी विचारा. तुम्ही टोकियोला जाणार असाल तर गिन्झातलं कागारी तोरी पाइतानसाठीच प्रसिद्ध आहे आणि वर चिकनचे काप घालतात. तरी विचारायचं तिथेही.

सूप खुशाल सोडा. पूर्ण प्यायलं तर एका वाडग्यातून पाच-सहा ग्रॅम मीठ सहज पोटात जातं, आणि जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात मिळून ५ ग्रॅमच्या आत राहायला सांगते. काकूंना न मागवता बसवू नका, माणशी एक पदार्थ घ्यावा अशी बहुतेक दुकानांची अपेक्षा असते. पांढरा भात मागवून चालेल का, हे आत शिरतानाच विचारा.

१ ऑक्टोबर टाळा. दहाला इंग्रजीत ‘टेन’, एकला जपानीत ‘इचि’, आणि तेन्काइप्पिनला लोक ‘तेनइचि’ म्हणतात, म्हणून तो त्यांचा दिवस; त्या दिवशी प्रचंड रांग असते. एरवी ऐन जेवणाची वेळ सोडून जा. देमाचियानागीहून एइझान रेल्वेने चायामाला (आता नाव चायामा-क्योतो गेइजुत्सु दाइगाकु) उतरलात तर मूळ दुकानापर्यंत थोडंच चालावं लागतं. छोट्या दुकानांत तिकीट मशीन असतं. जुलै २०२४ मध्ये आलेल्या नव्या नोटा काही जुनी मशीन घेत नाहीत, सुटी नाणी जवळ ठेवा.

मूळ धागाकर्ती

मनापासून आभार दादा. तारेचं मला खरंच माहीत नव्हतं. काल रात्री बाबांना फोन करून सरळ विचारलं. म्हणाले, “तुकडा नको, आणि रश्श्यात मुद्दाम घातलेलं नको. डाव कुठं कुठं बुडवला ते मी बघत नाही.” म्हणजे आता तक्ता बघते, आणि दुकानात तुम्ही दिलेलं वाक्य कागदावर लिहून नेते.

त्यांनी मलाच एक उलटा प्रश्न विचारला, आणि तो मी इथे विचारते. सूपमध्ये कोंबडीचे पायही घालतात का, की नुसती हाडं? तेन्काइप्पिनचं कुणाला नक्की माहीत असेल तर सांगा. बाबा उत्तराची वाट बघताहेत.