आमवात म्हणजे स्वतःचा द्वेष? पुरे झालं आता!

मोरपंखी (धागाकर्ती):
परवा इथे एक लेख आला. सार असं: ज्यांनी मनातून आपलं शरीर नाकारलं, त्यांचीच प्रतिकारशक्ती त्यांच्यावर उलटते, रोज आरशासमोर उभं राहून स्वतःला स्वीकारा, ऑटोइम्यून आजार निवळतो. खाली 'डोळे उघडले', 'किती सुंदर' अशी रांग. मला आमवात आहे, तोही तसलाच ऑटोइम्यून आजार. सकाळी बोटं इतकी आखडतात की बटण लावायला नवऱ्याला हाक मारावी लागते. हे मीच ओढवून घेतलं म्हणायचं?

छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. टी-पेशींची, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या शिपाई पेशींची, छाननी तिथे होते. इन्सुलिनसकट शरीरभरच्या प्रथिनांचे नमुने त्यांना दाखवले जातात आणि जी पेशी त्यांना घट्ट चिकटते ती बहुधा तिथेच मारली जाते. तरी काही निसटतात. त्यांना आवरायला रेग्युलेटरी पेशी असतात. त्याही कमी पडल्या की आजार. या सगळ्यात 'मी मला आवडते का' हे कोण विचारतं? टाइप १ मधुमेहही याच जातीचा आजार, तो दोन वर्षांच्या पोरालाही होतो. त्या पोराने कुठला स्वतःचा द्वेष केला? मल्टिपल स्क्लेरोसिसचं बघा, त्यात प्रतिकारशक्ती मेंदू-मज्जारज्जूवर उलटते. अमेरिकी सैनिकांच्या नोंदींवरून २०२२ मध्ये दिसलं की एपस्टाइन-बार विषाणूच्या लागणीनंतर धोका ३२ पटींनी वाढतो. तिथे विषाणूचा संबंध दिसतो, आरशाचा नाही.

खुलीखिडकी:
लेखातला उपाय भाबडा आहे, मान्य. पण रागाच्या भरात तुम्ही दुसऱ्या टोकाला गेलात. रबरी हाताचा प्रयोग आठवा (१९९८). खरा हात आडोशाला, समोर रबरी हात, दोन्हींवर एकाच वेळी ब्रश फिरवायचा. थोड्या वेळात तो रबरी हात आपलाच वाटू लागतो. २०११ मध्ये याच भासात खऱ्या हाताला हिस्टामिन (अंगावर गांधी उठवणारं रसायन) टोचलं, तर गांधी जास्त मोठी उठली. मेंदूने हात 'आपला' म्हणणं सोडलं आणि त्वचेची प्रतिक्रिया बदलली. क्लिंट हॅलमचंही तेच. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या लियाँला त्याला दुसऱ्याचा हात बसवला, तो त्याला कधी आपला वाटलाच नाही, २००१ मध्ये काढून टाकावा लागला.

कातळ:
हॅलमने औषधं घेणं सोडलं होतं, ते का गाळलंत? परका हात आपला वाटो न वाटो, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध (इम्युनोसप्रेसंट) थांबवलं की शरीर तो नाकारणारच. रबरी हाताबाबत खरा हात थंड पडतो असंही २००८ मध्ये छापून आलं होतं. नंतर इतरांनी तपासलं तर तो परिणाम सातत्याने मिळाला नाही. गांधीचा प्रयोगही निरोगी माणसांवर, काही मिनिटांचा. त्यावर आमवाताचा इमला बांधू नका.

खुलीखिडकी:
आमवाताचा इमला मी बांधलाच नाही, नीट वाचा. आणि १९७५ चे एडर आणि कोहेन या संशोधकांचे उंदीर? सॅकरिनच्या गोड पाण्यासोबत सायक्लोफॉस्फामाइड हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध दिलं, पुढे नुसत्या गोड पाण्यानेही प्रतिकारशक्ती दबली. २०२१ मध्ये इस्रायलमध्ये तर उंदरांच्या आतड्याला सूज असताना मेंदूच्या इन्सुलातल्या ज्या पेशी जाग्या होत्या, त्याच पुन्हा चेतवल्या आणि सूज परत आली. इन्सुला म्हणजे शरीराची आतली जाणीव जिथे जुळते तो भाग. हेही थोतांडच का?

मोरपंखी:
थोतांड कोण म्हणालं? पण उंदराला स्वतःबद्दल काय वाटतं याचा त्यात काडीचा संबंध नाही. मेंदू आणि प्रतिकारशक्तीत तारा आहेत, तेवढं तुमचं खरं. मला खटकतं ते एवढंच की बाण कायम मनाकडून शरीराकडे दाखवला जातो. ताप आला की अंग परकं वाटतं, उठवत नाही, माणसं नकोशी होतात. ते सायटोकाइन्स, म्हणजे प्रतिकारशक्तीची निरोप्या रसायनं, मेंदूपर्यंत खबर पोचवतात म्हणून. आजार आधी, 'हे शरीर माझं नाही' नंतर. आणि लेखकाने परिणामालाच कारण करून टाकलं.

निशिगंध:
मोरपंखी, अगदी मनातलं. मला ल्युपस आहे, त्यातही प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. निदान व्हायच्या आधी कित्येक वर्षं एकच ऐकलं: टेन्शन घेऊ नका, लग्न झालं की बरं वाटेल. केस गळत होते, सांधे सुजत होते. आणि निदानानंतर स्टिरॉइडने चेहरा असा सुजला की ओळखीचे लोक पुढून निघून गेले. मी आरशात काय स्वीकारायचं होतं?

स्टेथो:
डॉक्टर म्हणून लिहितो. ल्युपस सुरुवातीला ओळखणं खरंच कठीण असतं. एएनए ही स्वतःच्याच पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी शोधणारी रक्तचाचणी निरोगी माणसांतही पॉझिटिव्ह येते. प्रत्येक थकव्याला आम्ही ल्युपस म्हणालो तर तुम्हीच ओरडाल.

निशिगंध:
चाचणी करून चुकला असतात तर हरकत नव्हती. चाचणी सांगितलीच नाही! ल्युपसच्या दहा रुग्णांतल्या नऊ बायका. बाई दुखतंय म्हणाली की 'टेन्शन'.

कातळ:
धागा भरकटतोय.

निशिगंध:
भरकटू द्या. तुमचे सांधे दुखत नाहीत म्हणून तुम्हाला हे अवांतर वाटतं.

पाऊलवाट:
अवांतर अजिबात नाही. माझा धाकटा भाऊ कॉलेजात असताना अचानक म्हणू लागला, हे हात माझे नाहीत, कुणीतरी हलवतंय. मानसोपचार वॉर्डात ठेवला. घरच्यांनी देवऋषीही गाठला. मग झटके आले आणि एका तरुण डॉक्टरीणबाईंनी पाठीतलं पाणी तपासायला लावलं. अँटी-एनएमडीए रिसेप्टर एन्सेफलायटिस, म्हणजे मेंदूला आलेली सूज. त्याच्याच अँटिबॉडी मेंदूतल्या रिसेप्टरवर बसल्या होत्या. हा आजार २००७ मध्ये कुठे नीट ओळखला गेला. त्याआधीच्या अशा रुग्णांचं काय झालं असेल, विचार करवत नाही. स्टिरॉइड आणि प्लाझ्मा बदलून तो सावरला, नोकरी करतो. त्याला तेव्हा कुणी 'स्वतःला स्वीकार' सांगितलं असतं तर मी हात उचलला असता.

खुलीखिडकी:
भावाबद्दल वाचून बरं वाटलं. पण हे उदाहरण माझ्याच बाजूचं आहे: शरीराची जाणीव आणि प्रतिकारशक्ती वेगळ्या नाहीत.

मोरपंखी:
वेगळ्या आहेत असं मी म्हटलंच नव्हतं. पण त्या भावाच्या बाबतीत बाण मी म्हणते त्याच दिशेने गेला, शरीराकडून मनाकडे. तुमची दिशा दाखवणारं एक तरी माणसाचं उदाहरण द्या, ज्यात शरीर नावडल्यामुळे आमवात झाला.

खुलीखिडकी:
आमवाताचं नाही देता येणार. ताणाने आजार भडकतो, एवढं तरी धरा.

मोरपंखी:
भडकतो, धरलं. पण भडकणं वेगळं, मुळात होणं वेगळं, आणि त्यासाठी मला दोषी ठरवणं तर त्याहून वेगळं.

स्टेथो:
पाऊलवाट, त्या डॉक्टरीणबाईंना सलाम. निशिगंध, चाचणी सांगायला हवी होती, हे मान्य करतो. पण ओपीडीत एका पेशंटला पाच मिनिटंही मिळत नाहीत, हेही लिहा कुठेतरी.

निशिगंध:
पाच मिनिटांत 'टेन्शन' लिहायला वेळ मिळतो ना? त्याच जागी 'लघवी आणि रक्त तपासा' लिहा. तितकाच वेळ लागतो.