'फीचरिंग' कुणाच्या वाट्याला आलं? रीमिक्समधले बिननावाचे आवाज

तबकडी:
हिप-हाऊसवर माझा जीव आहे, म्हणूनच हे लिहितेय. हाऊस या क्लबमधल्या नाचाच्या संगीताच्या ठेक्यावर रॅप, आणि मधेमधे जुन्या डिस्को-सोलच्या रेकॉर्डवरून कापून घेतलेले आवाज. 1987 साली लंडनच्या बीटमास्टर्सनी 'रॉक द हाऊस' काढलं, त्यावर 'फीचरिंग द कुकी क्रू', म्हणजे सोबतीला कुकी क्रू, असं छापलं. 1988 मध्ये शिकागोच्या टायरीने 'टर्न अप द बेस'वर कूल रॉक स्टेडीचं नाव घातलं. म्हणजे रॅप करणाऱ्याला लेबलवर जागा द्यायची रीत सुरुवातीपासून होती. मग जिच्या एका तानेवर अख्खं गाणं उभं राहतं, त्या बाईला का नाही?

1989 चं 'राइड ऑन टाइम' घ्या. ब्लॅक बॉक्स या इटालियन चमूचं, ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिल्या क्रमांकावर. आवाज अमेरिकन गायिका लोलीटा हॉलोवेचा, 1980 च्या 'लव्ह सेन्सेशन'मधून उचललेला. ती गाते 'राइट ऑन टाइम'. यांनी ऐकलं 'राइड', आणि तेच शीर्षक झालं! टीव्हीवर एक मॉडेल ओठ हलवत होती. हॉलोवेला वकील गाठावा लागला, तेव्हा तडजोड झाली. याला मी संस्कृती म्हणणार नाही.

रात्रपाळी:
असहमत. पहिली गोष्ट, ब्लॅक बॉक्स म्हणजे इटालो-हाऊस, इटलीतला हाऊसचा प्रकार, त्यात रॅप नाही. त्यांच्या पापाचं खापर हिप-हाऊसवर का?

दुसरी गोष्ट, ही पोरं कोणत्या परिस्थितीत काम करत होती ते बघा. वाद्यवृंद परवडणं दूरच, स्टुडिओचे तासही मोजून मिळायचे. एसपी-1200 या सॅम्पलरची, म्हणजे रेकॉर्डवरचे तुकडे (सॅम्पल) साठवून वाजवणाऱ्या यंत्राची, स्मृती जेमतेम दहा सेकंदांची. म्हणून मिनिटाला 33 फेऱ्यांची रेकॉर्ड 45 च्या वेगाने वाजवून कमी जागेत आत भरायची आणि मशीनमध्ये वेग पुन्हा खाली उतरवायचा. तो खरखरीत पोत त्यातूनच आला. हे कसब आहे, चोरी नव्हे. न्यूयॉर्कच्या जंगल ब्रदर्सनी टॉड टेरीच्या तयार ट्रॅकवर रॅप केला आणि 'आय'ल हाऊस यू' जन्माला आलं. प्रत्येक तुकड्यासाठी परवानगीची वाट बघितली असती तर यातलं काहीच झालं नसतं.

आणि रीमिक्सने गायिकांना दिलंही आहे. कोल्डकट या ब्रिटिश जोडीने 1987 मध्ये 'पेड इन फुल' या रॅप गाण्याच्या रीमिक्समध्ये इस्रायली गायिका ओफ्रा हाझाचा आवाज घातला. पुढच्याच वर्षी तिचं 'इम निनआलू' जर्मनीत पहिल्या क्रमांकावर गेलं.

खर्ज:
रात्रपाळीशी सहमत. पाच सेकंदांच्या तुकड्यालाही नाव द्यायचं म्हटलं तर कव्हरवर जागा उरणार नाही.

तबकडी:
@खर्ज, पाच सेकंदांच्या तुकड्याबद्दल मी बोलतच नाहीये. ढोलाचा ठोका कापणं वेगळं, गाण्याचा मुखडाच दुसऱ्याच्या गळ्यातला असणं वेगळं.

@रात्रपाळी, टेक्नोट्रॉनिक हा चमू तर हिप-हाऊसच ना? 'पम्प अप द जॅम', 1989, बेल्जियम. रॅप 'या किड के' नावाच्या रॅपर बाईचा, आणि कव्हरवर व व्हिडिओत फेली नावाची मॉडेल. इथे सॅम्पलही नव्हतं, बाई जिवंत स्टुडिओत उभी होती. आता यात दहा सेकंदांच्या स्मृतीची अडचण कुठे आली?

रात्रपाळी:
टेक्नोट्रॉनिकबद्दल मान्य. ते वाईटच झालं.

पण 'ढोलाचा ठोका वेगळा' हे तू फार सहज म्हणून गेलीस. जेम्स ब्राऊनच्या 'फंकी ड्रमर' गाण्याचा तो ठेका ड्रमवादक क्लाइड स्टबलफील्डच्या हातांचा. शेकडो रेकॉर्डवर वाजला, पण संगीतकार म्हणून त्याचं नाव नव्हतं, त्यामुळे त्या सॅम्पलिंगची रॉयल्टी त्याला मिळाली नाही. गळा माणसाचा आणि हात कुणाचे?

शिवाय कायदा कडक झाला की पैसा कलाकाराकडे जातोच असं नाही. डिसेंबर 1991 मध्ये रॅपर बिझ मार्कीविरुद्धच्या, विनापरवाना सॅम्पलच्या खटल्यातल्या निकालाची सुरुवातच न्यायाधीशांनी 'चोरी करू नकोस' या बायबलमधल्या आज्ञेने केली. त्यानंतर सॅम्पल मोठ्या कंपन्यांनाच परवडू लागले, आणि हक्क तर बहुतेकदा कंपन्यांकडेच असतात.

विलंबित:
लतादीदींच्या बाबतीत हेच घडलं. 2002 च्या 'ॲडिक्टिव्ह' या अमेरिकन गाण्यात 'थोडा रेशम लगता है' सलग वाजतं. कोर्टात सारेगामा आणि बप्पी लाहिरी गेले. 2003 मध्ये न्यायाधीशांनी लाहिरींचं नाव घातल्याशिवाय सीडी विकायला मनाई केली. भांडण कंपनीच्या हक्काचं आणि संगीतकाराच्या नावाचं झालं. अट लाहिरींच्या नावाची होती, गाणाऱ्या बाईच्या नावाची नव्हती. तबकडीचा प्रश्न मला इथे जास्त टोचतो.

तबकडी:
@रात्रपाळी, स्टबलफील्डचा मुद्दा मला पटला. ठोका वेगळा हे माझं विधान मागे घेते, त्याचंही नाव हवंच होतं. पण मग तुझाच युक्तिवाद माझ्या बाजूला येतो. परवाना महाग असेल, नाव छापायला किती शाई लागते?

आणि ते अशक्य नव्हतं. 1991 मध्ये अमेरिकन रॅपर मार्की मार्कने 'गुड व्हायब्रेशन्स' केलं, रॅप आणि हाऊसच. त्यात तेच 'लव्ह सेन्सेशन', तोच आवाज. पण या वेळी छापलं 'फीचरिंग लोलीटा हॉलोवे', आणि व्हिडिओत ती स्वतः गाताना दिसते. अमेरिकेत ते पहिल्या क्रमांकावर गेलं.

रात्रपाळी:
तो व्हिडिओ आत्ता पुन्हा बघितला. ती येते तेव्हा पडदा भरून जातो. यावर माझ्याकडे उत्तर नाही. सॅम्पलिंगच्या मोकळीकीवर मात्र मी ठाम आहे.