ज्युनिअरला पहिला आलेला मुलगा पुढे चॅम्पियन होतो का? (तातडीने मदत हवी)

निगडीकर_बाबा: मुलगा बाइक रेसिंगच्या ज्युनिअर गटात पहिला आला. एका अकॅडमीला शुक्रवारपर्यंत पैसे भरायचेत आणि घरात रोज वाद चाललेत. ज्युनिअरला जिंकणारे पुढे मोटोजीपी (बाइक रेसिंगची जगातली सगळ्यात वरची मालिका) चॅम्पियन होतात की नाही, एवढंच सांगा. 'हेल्मेट चांगलं घ्या' छाप सल्ले नकोत, हेल्मेट आहे.

चाकणवाला: कुठला ज्युनिअर? वय काय? किती सीसी? डांबर की माती?

निगडीकर_बाबा: प्रश्न साधा आहे हो. हो की नाही?

दोन_स्ट्रोक: हो! रॉसी: १९९७ ला १२५ सीसी, १९९९ ला २५०, २००१ ला ५०० (तेव्हाचा सगळ्यात वरचा वर्ग). मार्केझ: २०१० ला १२५, २०१२ ला मोटो२ (मोटोजीपीच्या खालचा वर्ग), २०१३ ला मोटोजीपीत पहिल्याच वर्षी चॅम्पियन. मीर आणि मार्टिन, दोघंही मोटोजीपी चॅम्पियन, आधी मोटो३ (त्याहून खालचा वर्ग) जिंकलेले. भरून टाका पैसे.

पेठेतला_निरीक्षक: जिंकलेल्यांचीच यादी काढली की सगळं सोपं दिसतं. पेद्रोसा कुठे गेला? २००३ ला १२५, २००४ आणि २००५ ला २५०. मोटोजीपीत तीनदा दुसरा, पहिला कधीच नाही. आणि २००५ ला त्याच्यामागे दुसरा आलेला स्टोनर २००७ आणि २०११ ला चॅम्पियन, खालच्या वर्गांत एकही जागतिक विजेतेपद नसताना. २०२१ चा क्वार्तारारोही तसाच.

दोन_स्ट्रोक: क्वार्तारारो २०१३, २०१४ ला स्पेनची ज्युनिअर मालिका जिंकला होता. अर्धवट माहिती देऊ नका.

पेठेतला_निरीक्षक: आणि नंतर मोटो३ मध्ये दोन वर्षं एकही शर्यत जिंकला नाही. माझाच मुद्दा पक्का केलात, आभारी आहे.

चाकणवाला: भांडू नका. मोटो३ म्हणजे २५० सीसीचं सिंगल सिलिंडर. पुढच्याच्या मागे चिकटून हवा चुकवायची, सरळ रस्त्यावर बाहेर पडायचं, मग पुन्हा घोळका. तिथे अंगानं हलकं पोरगं फायद्यात. मोटोजीपीत ताकद एवढी की वळणातून निघताना थ्रॉटल जरा जास्त उघडलं तरी मागचं चाक निसटतं. कसब वेगळं लागतं. (२००४ मध्ये १२५ ला केटीएमला पहिला विजय मिळवून दिला तो याच स्टोनरनं. तीच केटीएम, जिच्या छोट्या गाड्या आमच्या चाकणला बनतात.)

आरसी_प्रेमी: विषय निघालाच आहे तर, केटीएमच्या आरसी ३९० ला ताम्हिणीसाठी कुठले टायर?

पेठेतला_निरीक्षक: वेगळा धागा काढा.

निगडीकर_बाबा: वय तेरा. सुपरक्रॉस. त्यानं काय फरक पडतो?

चाकणवाला: अहो, हे आधी सांगायचं ना! सुपरक्रॉस (मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत चालवायची शर्यत) हा खेळच वेगळा. त्यातून वरती गेला तरी मोटोजीपी नाही, मोटोक्रॉसकडे (मातीवरच्याच मोठ्या शर्यती) जाईल.

दोन_स्ट्रोक: स्टोनर आणि २००६ चा चॅम्पियन हेडन, दोघंही मातीतूनच आलेत.

पेठेतला_निरीक्षक: ती माती निराळी. डर्ट ट्रॅक. सपाट गोल ट्रॅकवर मागचं चाक सरकवत न्यायचं. सुपरक्रॉससारख्या उड्यांवर उड्या नाहीत तिथे. आणि हेडन मोटोजीपीत आला तो अमेरिकन सुपरबाइक मालिका जिंकून, १२५-२५० सारख्या खालच्या वर्गांतून नव्हे.

कोथरूडची_आई: २०२३ ला चेन्नईच्या ट्रॅकवर तेरा वर्षांचाच मुलगा गेला, शर्यत चालू असताना. तुम्ही मात्र चॅम्पियन मोजताय. ट्रॅकवर डॉक्टर आणि अ‍ॅम्ब्युलन्स असते का, हे विचारलंत अकॅडमीला?

निगडीकर_बाबा: ताई, म्हणूनच वर लिहिलं होतं सल्ले नकोत.

दोन_स्ट्रोक: ताई बरोबर बोलतायत पण.

चाकणवाला: बाबा, अकॅडमी नेणार कुठल्या ट्रॅकवर? चेन्नई की कोइम्बतूर? जाणं-येणं, राहणं फीमध्ये धरलंय का? आणि त्याच्या गटात मुलं किती होती?

निगडीकर_बाबा: पाच. दोघं पडले. पण वेळ सगळ्यात भारी होती. मग शुक्रवारी भरू की नको?

चाकणवाला: वर्षाची फी नका भरू. एका वीकेंडचे पैसे द्या, डांबरावर चालवू दे. त्याच दिवशी त्याच ट्रॅकवर बाकीच्या मुलांचे लॅप टाइम काय आलेत ते त्याच्या वेळेशेजारी इथे टाका, मग बोलू.