मॉडेल कल्पनेला बांधून ठेवतं का?

नवी वस्तू डिझाइन करताना तिचं मॉडेल, म्हणजे हाताने केलेला नमुना, लवकर केलं की मन पहिल्याच कल्पनेत अडकतं, असं म्हणतात. हे मला अर्धंच पटतं. अडकणं खरं आहे. जॅन्सन आणि स्मिथ या संशोधकांच्या १९९१ च्या अभ्यासात भाग घेणाऱ्यांना न सांडणाऱ्या कॉफीकपचा स्ट्रॉवाला नमुना दाखवला, स्ट्रॉ नको असं बजावलं, तरी काहींच्या आराखड्यात स्ट्रॉ आलाच. पण तिथे दाखवलं होतं नुसतं चित्र! म्हणजे अडकायला मॉडेलच लागतं असं नाही. मॉडेलमध्ये मन गुंततं ते माझ्या मते घातलेल्या कष्टांपायी. रात्रंदिवस खपून केलेलं मॉडेल मोडवत नाही. पुठ्ठ्याचं बिनदिक्कत फाडता येतं. म्हणून सुरुवातीला पुठ्ठाच घ्यावा, दोन-तीन वेगळ्या कल्पना करून बघाव्यात. शिवाय मॉडेलमधून चुका कळतात: कागदावर काढलेल्या डब्याच्या झाकणाची बिजागरी छान फिरते; पुठ्ठ्यात कापली की झाकण कडेला घासतं आणि पिन कुठे सरकवायची ते हाताला लगेच कळतं.