बाबांच्या फिरण्यासाठी ट्रॅकर हवाय, पण घड्याळ नको. मदत हवी आहे

बाबा ७८ वर्षांचे. दीड वर्षापूर्वी अल्झायमरचं निदान झालं. आम्ही सदाशिव पेठेत राहतो आणि संध्याकाळी सारसबागेत फेरी हा त्यांचा जुना नेम. पाय ठणठणीत आहेत, तीच पंचाईत.

गेल्या महिन्यात परतलेच नाहीत. रात्री नऊला स्वारगेटच्या एसटी स्टँडवर सापडले, वाईच्या गाडीची वाट बघत. वाईचं घर विकून तीस वर्षं झाली. गाडी अजून लागली नव्हती म्हणून वाचलो.

दादा म्हणतो, बाहेरून कुलूप लाव. दोन दिवस लावलं. बाबा चपला घालून दारापाशी बसून राहिले, रात्रभर झोपले नाहीत आणि आईवर हात उगारला. आयुष्यात पहिल्यांदा. तेव्हा कुलूप लावा, हा सल्ला कृपया देऊ नका. मी कामावरून सातला येते, आईचे गुडघे गेलेत, रोज सोबतीला कोणी नाही.

मोबाइल घरी विसरतात. सिम घालायचं जीपीएसचं घड्याळ आणलं, ते दुसऱ्या दिवशी तांदळाच्या डब्यात सापडलं. मनगटावर त्यांचं चावीचं एचएमटी असतं. "एका माणसाला दोन घड्याळं कशाला?" म्हणाले. यावर काय बोलणार!

म्हणून अंगावर आधीच असलेल्या कशात तरी बसेल असं हवंय. बंडीचा आतला खिसा आहे, जानव्याला अडकवलेली किल्ली आहे (ती मात्र कधी विसरत नाहीत). चपला कोल्हापुरी, त्यामुळे तळव्याखाली बसवायचं यंत्र बाद. ॲपलचा तो छोटा ट्रॅकर, एअरटॅग, पुरेल का? पेठेतल्या बोळांत जीपीएस कितपत चालतं? वापरलेल्यांनीच सांगा, जाहिराती वाचून झाल्यात.

प्रतिसाद १
ताई, सासूबाईंसाठी दोन्ही वापरलंय. एअरटॅगमध्ये जीपीएस नसतं. जवळून जाणाऱ्या कुणाच्या तरी आयफोनला तो ब्लूटूथवर सापडला तरच तुम्हाला ठिपका दिसतो. सारसबागेच्या गर्दीत दिसेल, सामसूम रस्त्यावर तासाभरापूर्वीची जागा दाखवत बसेल. सेल वर्षभर जातो, हे खरं. सिमवालं यंत्र जागा स्वतः कळवतं, पण सारखं चार्ज करावं लागतं. आम्ही बंडीला चोरखिसा शिवला, रात्री बंडी काढली की चार्जिंगला. घेताना बघा, स्वस्तातली बरीच २जीवर चालतात आणि जिओला २जी नाहीच, सिम दुसरं लागेल. बोळात ठिपका शेजारच्या वाड्यावर उडी मारतो, घाबरू नका. आणि 'एवढ्या अंतराबाहेर गेले की कळव' ही हद्द फार जवळची ठेवू नका, सासूबाई घरात बसलेल्या असतानाही आमचा फोन बोंबलायचा.

प्रतिसाद २
यंत्र जागा सांगेल, थोपवून धरायला माणूसच लागतो. वाटेवरचा भेळवाला, रिक्षावाले, स्वारगेटची चौकशी खिडकी, सगळ्यांना बाबांचा फोटो आणि तुमचा नंबर देऊन ठेवा. किल्लीलाच नंबर कोरलेला बिल्ला अडकवा. बाहेर पडताना आईंना रोज एक फोटो काढायला सांगा, ऐनवेळी सदऱ्याचा रंग आठवत नाही. आणि सापडले नाहीत तर लगेच ११२, चोवीस तास थांबायचं वगैरे काही नसतं.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. चौकशी खिडकीचं डोक्यातच आलं नव्हतं, उद्याच जाते. बिल्लाही करून घेते. एकच अडचण: उन्हाळ्यात बाबा बंडी घालत नाहीत, नुसता सदरा, आणि त्याच्या वरच्या खिशातलं सगळं वाकले की खाली पडतं. तेव्हा यंत्र कुठे ठेवू?