मोहन बागान + एटीके: विलीनीकरणानंतर कुठला इतिहास कुणाच्या खात्यात?

परळचा_पंच:
मंडळाच्या फुटबॉल क्विझसाठी 'मुंबई सिटी विरुद्ध मोहन बागान' असा तक्ता करतोय. बागानची स्थापना १८८९, २०१४ की २०२०? एटीकेच्या (अ‍ॅटलेटिको दि कोलकाता) तीन आयएसएल (इंडियन सुपर लीग) ट्रॉफ्या बागानच्या धरायच्या का? आणि मुख्य म्हणजे, 'बागानने मुंबई सिटीला पहिल्यांदा कधी हरवलं?' याचं एकच उत्तर हवंय.

ऑफसाइड_आजोबा:
आधी नेमकं काय विलीन झालं ते बघा. मोहन बागान अ‍ॅथलेटिक क्लब ही सभासदांची संस्था, १५ ऑगस्ट १८८९ची. ती कशातच विलीन झाली नाही. तिचे क्रिकेट, हॉकी विभाग तिच्याकडेच राहिले. गेली ती फुटबॉल चालवणारी कंपनी. १६ जानेवारी २०२०ला घोषणा झाली: ८० टक्के हिस्सा एटीकेच्या मालकांकडे, म्हणजे आरपीएसजी समूहाकडे, २० टक्के क्लबकडे. १ जून २०२० पासून अंमल.

मधल्या काळात मोठी गंमत झाली. १० मार्चला बागानने आय-लीग (आयएसएलपेक्षा वेगळी राष्ट्रीय लीग) जिंकली आणि १४ मार्चला एटीकेने आयएसएल. लग्न ठरलेली दोन्ही घरं चार दिवसांत चॅम्पियन! आयएसएलमधली जागा एटीकेची, प्रशिक्षक हबासही एटीकेचे. आय-लीग जिंकून देणारे किबू विकुन्या केरळ ब्लास्टर्सकडे गेले. जुलैत संचालक मंडळाने हिरवी-मरून जर्सी आणि बोधचिन्हातली शिडाची होडी कायम ठेवली, नाव मात्र 'एटीके मोहन बागान'. पाठीराख्यांना ती तीन अक्षरं कधीच पचली नाहीत. मार्च २०२३मध्ये आयएसएल फायनल जिंकल्यावर आरपीएसजीचे संजीव गोयंका यांनी नावातून एटीके काढत असल्याचं जाहीर केलं, १ जूनपासून 'मोहन बागान सुपर जायंट'.

तेव्हा स्थापना १८८९च लिहा. २०१४ हे अ‍ॅटलेटिको दि कोलकाताचं वर्ष, वेगळ्या संघाचं.

कूपरेज_कट्टा:
ट्रॉफ्यांचंही तसंच. २०१४, २०१६ आणि २०१९-२०चे आयएसएल किताब एटीकेच्या नावावरच ठेवा. बागानचे आयएसएल कप दोन: २०२२-२३ आणि २०२४-२५. उलट ड्युरँड कप या जुन्या स्पर्धेत जुना हिशेब सलग चालतो. २०२३ची फायनल ईस्ट बंगालविरुद्ध १-० जिंकली तो सतरावा ड्युरँड, आधीचे सोळा विलीनीकरणापूर्वीचे. आपल्या मुंबईच्या कूपरेज मैदानावरच्या जुन्या स्पर्धेचे, रोव्हर्स कपचे १४ किताबही बागानच्याच खात्यात.

आता तुमचा प्रश्न. त्याला एक नाही, तीन उत्तरं आहेत:

एटीके धरलं तर १२ ऑक्टोबर २०१४, आयएसएलचा पहिलाच सामना, कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर ३-०. (२०१६च्या सेमीफायनललाही एटीकेने मुंबईला दोन लढती मिळून ३-२ अशा एकूण गोलसंख्येने बाहेर काढलं होतं.)
एटीके वगळून, कुठलीही स्पर्धा: ऑगस्ट २०२३, ड्युरँडची क्वार्टरफायनल, ३-१.
एटीके वगळून, फक्त आयएसएल: १५ एप्रिल २०२४, २-१. त्याच सामन्यात बागानने लीग शील्डही (साखळीत अव्वल राहिल्याबद्दलचा किताब) उचललं. पुढे ४ मेच्या फायनलमध्ये मुंबईने सॉल्ट लेकवरच ३-१ने कप नेला, ते तक्त्यात विसरू नका!

स्पर्धेचं नाव प्रश्नात घातलं नाहीत तर हॉलमध्ये भांडणं होणार.

परळचा_पंच:
मग 'एटीके धरून' आणि 'एटीके वगळून' असे दोन रकाने करतो. २०२०-२१ची फायनल कुठे?

ऑफसाइड_आजोबा:
दोन्हीकडे. १३ मार्च २०२१, गोव्यातलं फातोर्डा, मुंबई २-१, बिपिन सिंगचा ९०व्या मिनिटाला गोल. तेव्हा समोर 'एटीके मोहन बागान' होतं, म्हणजे विलीनीकरणानंतरचा संघ. रेष १ जून २०२०ला मारा. नाव बदलण्याच्या तारखेला मारलीत तर मधले तीन मोसम अधांतरी राहतात. आणि हो, आय-लीगमध्ये बागानशी खेळणारा मुंबई एफसी हा निराळाच क्लब. ते निकाल चुकून मुंबई सिटीच्या नावावर चढवू नका, शोधताना दोन्ही एकत्र येतात.

थ्रो_इन:
जोडप्रश्न हवा असेल तर फ्रान्सचा पॅरिस सेंट-जर्मेन (पीएसजी) घ्या. तिथे १९७०मध्ये पॅरिस एफसी आणि स्टाद सेंट-जर्मेन एकत्र आले आणि स्थापनेचं वर्ष १९७०च धरतात, बागानच्या नेमकं उलट. दोन वर्षांत फाटाफूट झाली. पहिल्या श्रेणीतली जागा पॅरिस एफसीला मिळाली, पीएसजीने नाव राखलं आणि तिसऱ्या श्रेणीतून सुरुवात केली. १९७४मध्ये परत वर. 'फुटीनंतर वरची श्रेणी कुणाला?' असं विचारा, निम्मे संघ पीएसजी लिहितील.