तारणाची खात्री: विश्वास की फाजील आत्मविश्वास?

नगरची नात, इंदूर
परवा रामबागेत मैत्रिणीकडे पोह्यांवर जिरावण भुरभुरत असताना तिच्या सासूबाईंनी विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती लोक मेल्यावर कुठे जाणार ते आधीच ठरल्यासारखं बोलता. एवढी खात्री कशाच्या जोरावर गं?" तेव्हा हसून वेळ मारून नेली. उत्तर इथे देते.

माझी आजी लग्न होऊन नगरहून इथे आली. तिची एक लाल बांधणीची वही होती. दर महिन्याचा दशांश (कमाईचा दहावा हिस्सा चर्चला), चुकलेल्या उपासना, सुनेला रागात बोललेले शब्द, सगळी नोंद त्यात. शेवटच्या दुखण्यात ती वही उशाखाली असायची. एका रात्री म्हणाली, "पुरेल का गं एवढं?" जन्मभर देवळात गेलेली बाई, आणि हा प्रश्न! मी तिला बायबलातलं, प्रेषित पौलाचं इफिसकरांस पत्र वाचून दाखवलं, 2:8-9. तारण, म्हणजे पापातून सुटका, कृपेनं, विश्वासाच्या द्वारे झालंय. ते देवाचं दान आहे, कर्मांची कमाई नाही, म्हणून कुणी बढाई मारू नये. म्हणजे खात्री माझ्या चांगुलपणाची नाहीच, देणाऱ्याच्या शब्दाची आहे. यात गर्व कुठे आला?

सराफ्यातला निशाचर
सोयीचं आहे. माझ्या भागीदारानं पैसे बुडवले आणि वर मलाच सांगतो, देवानं माफ केलंय. देवानं केलं असेल, मी नाही केलं! कर्माचा हिशेबच नको म्हटलं की माणूस सुटला. आणि आजींच्या वहीला नावं ठेवू नका. त्या वहीमुळेच त्या सरळ चालल्या असतील.

नगरची नात
वही जपून ठेवलीय हो. तुमची शंका पौलाला स्वतःलाच आली होती. कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, असं रोमकरांस पत्रात तो विचारतो आणि लगेच म्हणतो, मुळीच नाही. बायबलातल्या जक्कय जकातदाराचं बघा. लोक नाकं मुरडत असताना येशू त्याच्या घरी उतरला. त्यानंतर जक्कय म्हणाला, कुणाला लुबाडलं असेल तर चौपट परत देतो. आधी पाहुणा घरात आला, मग तिजोरी उघडली. तुमच्या भागीदारानं चौपट राहू द्या, मुद्दल तरी दिलं का?

सराफ्यातला निशाचर
छदाम नाही.

वसईकर, सध्या विजयनगर
मी कॅथलिक. तारण कृपेनं होतं हे आम्हालाही मान्य आहे. 1999 साली जर्मनीतल्या ऑग्सबर्गला कॅथलिक आणि लुथरन (ल्यूथरला मानणारे प्रॉटेस्टंट) दोघांनी तशा संयुक्त घोषणेवर सह्या केल्या. अडतं ते "मला पक्कं ठाऊक आहे" या वाक्यावर. आपल्याला कृपा लाभली आहे हे अचूक खात्रीनं कुणी सांगू शकत नाही, असं आमच्या चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेनं 1547 मध्येच म्हटलं. आम्ही आशा म्हणतो, आणि आशा काही लहान गोष्ट नाही. शिवाय याकोब 2:17 ला तुम्ही प्रॉटेस्टंट हळूच वळसा घालता: कृतीवाचून विश्वास निर्जीव. तुमच्या प्रॉटेस्टंट चळवळीचा जनक ल्यूथर तर या पत्राला पेंढ्याचं, म्हणजे कस नसलेलं, पत्र म्हणाला होता!

नगरची नात
म्हणाला खरा, पण बायबलातून काढलं नाही. आणि योहानाच्या पहिल्या पत्रात (5:13) "तुम्हाला कळावं म्हणून" असं आहे, "आशा वाटावी म्हणून" असं नाही.

आजोळ पंढरपूर
यात नवं काय? रामानुजांच्या परंपरेत हाच वाद शतकानुशतकं चाललाय. माकडिणीचं पिल्लू आईला घट्ट धरतं. मांजरीचं नुसतं पडून असतं, आई मानगूट धरून उचलते. त्या परंपरेतला वडकलै पंथ माकडिणीकडे, तेनकलै पंथ मांजरीकडे. मी मांजरीच्या पक्षातला, तरी एकादशी मोडली की दोन दिवस चैन पडत नाही, ते सोडा. पण ताई, मांजर पिल्लाला विचारत नाही, माझ्यावर विश्वास आहे का. तुमच्याकडे विचारतात. म्हणजे नियम गेले आणि विश्वास हाच एक नियम उरला.

नगरची नात
हे टोचलं. आम्ही म्हणतो, विश्वास म्हणजे रिकामा हात पुढे करणं, आणि भिकेला कुणी कमाई म्हणत नाही. पण हात पुढे करणं हेही करणंच, असं तुम्ही म्हणाल. याच गाठीवरून 1618-19 मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेत प्रॉटेस्टंटच आपसांत भांडले. माझ्याकडेही ती पूर्ण सुटलेली नाही.

सराफ्यातला निशाचर
ते राहू द्या. वाचून दाखवल्यावर आजी काय म्हणाल्या?

नगरची नात
"चष्मा दे, मी बघते." दोनदा वाचलं, बोट ठेवून. मग वही माझ्या हातात दिली. त्या महिन्याचा दशांश मात्र दुसऱ्याच दिवशी भरायला लावला.